नवव्या खोलीचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना डीबगर, सौदामिनीबाईंच्या कपाटातल्या लॅपटॉपमध्ये राहतो. प्रोग्राम कुठे चुकतो ते शोधून देणं हे माझं काम. हल्ली मला कुणी बोलावत नाही, म्हणून जुन्या दिवसांच्या आठवणी काढत बसतो.

बाई नांदेडला शिकवायच्या. अर्धापूरच्या मार्तंडरावांना त्यांनी केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम करून दिला होता. मार्तंडरावांनी नववी खोली बांधली आणि केळी काळी पडू लागली. अठरा अंशांवर ठरवून ठेवलेला तापमानाचा आकडा सारखा वर गेलेला दिसायचा. खोल्या सांभाळायचे ग्यानोबा, त्यामुळे ठपका त्यांच्यावर आला. "उद्यापासून येऊ नका," मार्तंडराव सगळ्या हमालांसमोर म्हणाले. बाईंनाही तेच खरं वाटलं.

"मॅडम, म्या बटनाला हात बी लावला न्हाई," ग्यानोबा म्हणाले.

खात्री करायला बाईंनी खोल्यांचं तापमान राखणाऱ्या यंत्राला लॅपटॉप जोडला. आकडा बदलायचं बटण दाबल्यावर प्रोग्राम ज्या ओळीवर येतो, तिथे ब्रेकपॉइंट लावला; म्हणजे त्या ओळीवर येताच मी प्रोग्राम थांबवायचा. यादीत नोंद करून मी डोळ्यांत तेल घालून बसलो. प्रोग्राम तिकडे फिरकलाच नाही, आकडा मात्र वाढला! मग बाईंनी आकडा पुन्हा अठरा करून त्याच्यावरच वॉचपॉइंट ठेवला. आता ओळ कुठलीही असो, आकडा बदलला की थांबवायचं.

थोड्याच वेळात प्रोग्राम थांबला. मी यादी चाळली. या ओळीवर ब्रेकपॉइंट? नाही. मग आकडा ताडून पाहिला. आधी अठरा, आता सत्तावीस! बदल करणारी ओळ मी बाईंपुढे ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रोग्राममध्ये जागा आठच खोल्यांची होती. नवव्या खोलीचं तापमान शेजारच्या जागेत, नेमकं ठरवलेल्या आकड्यावर लिहिलं जात होतं. ओळ बाईंचीच होती.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, चूक माझी हो."

"माझ्या कानात नगं, मॅडम. इल्जाम समद्यांम्होरं लावला, ह्ये बी समद्यांम्होरं सांगा."

बाईंनी हमालांना बोलावून सगळं सांगितलं. मार्तंडराव ओशाळून म्हणाले, "ग्यानोबा, उद्या या." ग्यानोबांनी खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि चालू लागले.

ते माझ्या उमेदीचे दिवस होते, मित्रांनो. त्या दिवसांची फार आठवण येते. प्रोग्राम मी हवा तिथे थांबवू शकायचो, पण जाणाऱ्या ग्यानोबांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून सांगतो, कुणावर ठपका ठेवण्याआधी नीट तपासून घ्या.