वरची तार

मिस्तरींना आपल्या बायकोचा हेवा वाटत होता, आणि हा हेवा कुणाला सांगण्यासारखा नव्हता. बायकोच्या पगाराचा हेवा वाटला, तिच्या माहेरच्या मालमत्तेचा वाटला, तर चारचौघांत बोलून मन हलकं करता येतं. पण चार तारांच्या, अडीच वितींच्या वाद्यावर बायको आपल्यापेक्षा चांगलं वाजवते म्हणून ज्याच्या पोटात दुखतं त्याने कुठे जायचं? मिस्तरी कुठेच गेले नाहीत. ते घरीच बसून जळत राहिले.

खरं तर ते वाद्य, गिटारचं धाकटं भावंड असलेलं युकुलेले, त्यांचं होतं. तीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करून त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती. डॉक्टरांनी स्पंजचा चेंडू दाबायला सांगितलं. दोन दिवस चेंडू दाबून मिस्तरी म्हणाले, "हे काय लहान बाळाचं काम!" मग परगावी राहणाऱ्या मुलीने खोक्यात घालून युकुलेले पाठवलं. सोबत चिठ्ठी होती : बाबा, बोटांना व्यायाम होईल आणि चिडचिडही कमी होईल.

मिस्तरींच्या कानांची ख्याती होती. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की ते म्हणत, "नुसती चालवा." मग डोळे मिटून ऐकत आणि आवाजावरून सांगत की बॉबिन केसचा स्क्रू ढिला आहे की सुई वाकडी बसली आहे. झाकण उघडलं की तेच निघे. घरातही त्यांचाच हात फिरलेला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरात बाहेरचा कारागीर म्हणून कधी आला नाही. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी स्वतः बसवला होता, तो उलटा फिरवला की सुरू व्हायचा. कपाटाचं दारही त्यांनीच बसवलं होतं. ते जरा वर उचलून आत ढकललं की उघडायचं. इस्त्रीचं बटण 'बंद'वर ठेवलं की इस्त्री तापायची. या सगळ्याचा मिस्तरींना अभिमान होता.

तर खोकं उघडलं आणि मिस्तरींनी पहिल्याच नजरेत दोष पकडला. तारा जाड, मध्यम, बारीक अशा ओळीने उतरत जायला हव्यात की नाही? इथे सगळ्यात वरची, हनुवटीजवळची तार बारीक, तिच्याखालची जाड, मग मध्यम आणि पुन्हा बारीक.

"घाईत भरलेला माल आहे," ते म्हणाले. "वरची तार चुकीची टाकली आहे."

"फोन करून विचारा ना लेकीला," बायको म्हणाली.

"तिला काय कळतंय त्यातलं? मी आहे ना."

हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी जाड नायलॉनची दोरी आणली, बारीक तार काढून टाकली आणि दोरी बसवली. मोबाईलवरचं सूर लावायचं ॲप उघडलं. खुंटी पिळता पिळता सुराचं हवं ते अक्षर आलं आणि हिरवा दिवा लागला. मिस्तरींनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. जाड, जाड, मध्यम, बारीक. आता कसं शहाण्यासारखं दिसत होतं.

मग अभ्यास सुरू झाला. मिस्तरींनी टीव्हीवरच्या एका जुन्या गुप्तहेर मालिकेची धून निवडली. ती लागली की पूर्वी रस्ते ओस पडायचे. धुनीचा कागद त्यांनी इंटरनेटवरून छापून आणला. त्यावर चार तारांच्या चार रेघा आणि रेघांवर आकडे, म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या घरात बोट ठेवायचं ते. शून्य म्हणजे तार मोकळी वाजवायची. असलं काम मिस्तरींना आवडायचं. आकड्याप्रमाणे बोट ठेवलं की धून यायलाच पाहिजे.

पण ती येईना. आकडे बरोबर, बोटं बरोबर, दिवा हिरवा, आणि धून मात्र तीन सूर नीट चालायची आणि चौथ्याला पायरी चुकल्यासारखी धपकन खाली बसायची. मिस्तरींनी तीन महिने रोज दुकानातून आल्यावर तासभर वाजवलं. बोटांना घट्टे पडले, आखडलेपणा गेला, डॉक्टर खूश झाले. मिस्तरी तेवढे खूश नव्हते. चुकतंय हे त्यांना ऐकू येत होतं, कुठे चुकतंय ते सापडत नव्हतं. दुसऱ्याची मशीन असती तर डोळे मिटून सांगितलं असतं. शेवटी त्यांनी मनाशी कबूल केलं की आपला कान लोखंडाचा आहे, सुरांचा नाही. हे कबूल करताना त्यांना फार वाईट वाटलं.

आणि मग तो रविवार आला. मिस्तरी अंघोळीला गेले होते. बायको एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करायची. तिथल्या बाकांसमोर दिवसभर टीव्ही चालू असे. त्यामुळे मालिकांच्या धुनी, जाहिरातींची गाणी, बातम्यांच्या आधीचं संगीत हे सगळं तिच्या कानांत जाऊन बसलेलं. तिने केर काढता काढता युकुलेले उचललं, पलंगावर बसली आणि दोन-चार ठिकाणी बोटं ठेवून बघितली. मिस्तरी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा गुप्तहेर मालिकेची धून घरभर फिरत होती. अख्खी, न पडता, न धडपडता.

"हेच ना तुमचं?" तिने हसून विचारलं. "सोपं आहे की!"

'सोपं' हा शब्द मिस्तरींना किती लागला ते तिला कधी कळलं नाही. ते म्हणाले, "हं. चहा टाक." आणि शर्ट उलटा घातला.

त्या दिवसापासून घरातलं सगळं बदललं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वर येऊन म्हणू लागल्या, "ती साबणाची जाहिरात वाजवा ना हो." शेजारच्या मास्तरांना बातम्यांची धून हवी असायची. बायको दहा मिनिटं चाचपडायची आणि वाजवून दाखवायची. मिस्तरी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसायचे. एकदा त्यांनी ते अर्धा तास उलटं धरलं होतं. तिचा सराव नाही, कागद नाही, आकडे नाहीत, बोटांवर साधा घट्टा नाही! मिस्तरी तिच्यात खोट शोधायचे आणि एकच सापडायची : ती तीनच तारा वाजवते. वरच्या तारेवर नुसता अंगठा टेकवून ठेवते. "अडाणी पद्धत आहे," ते स्वतःशी म्हणायचे. पण अडाणी पद्धतीने धून येत होती आणि शहाण्या पद्धतीने येत नव्हती.

इमारतीचा वार्षिक मेळावा रविवारी होता. सेक्रेटरी घरी आले तेव्हा मिस्तरींनी दार उघडलं. "युकुलेलेचा एक कार्यक्रम ठेवायचा म्हणतोय, पाच मिनिटांचा," सेक्रेटरी म्हणाले. मिस्तरींची छाती जराशी फुगली. लाजत लाजत ते म्हणाले, "अहो, मी अजून शिकतोच आहे."

"तुम्ही नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "वहिनी. वहिनी आहेत का घरात?"

त्या आठवड्यात मिस्तरींचं जेवणावर लक्ष लागलं नाही. सगळी इमारत समोर बसलेली, मधे बायको, तिच्या मांडीवर आपलं वाद्य आणि त्यावर आपली धून, एवढंच त्यांना दिसत होतं. एकदाच, फक्त एकदा ती धून आपल्या हातून नीट यावी आणि लोकांनी ऐकावी, यापलीकडे त्यांचं मागणं नव्हतं. ते तर होणार नव्हतं. मग निदान तिच्या हातून तरी ऐकावं लागू नये. शनिवारी दुपारी त्यांनी युकुलेले पिशवीत घातलं.

"कुठे नेताय?" बायकोने विचारलं.

"खुंटी ढिली झाली आहे. वाद्यांच्या दुकानात टाकतो. सोमवारी मिळेल."

"सोमवारी? अहो, उद्या..."

"ऐन वेळी तार सुटली तर हसं होईल तुझं. तुझ्याच भल्यासाठी चाललोय," मिस्तरी म्हणाले आणि जिना उतरले. खोटं बोलताना त्यांचे कान गरम झाले होते.

वाद्यांच्या दुकानात एक तरुणी गल्ल्यावर होती. मिस्तरींनी ठरवलं होतं की खुंटी बघा म्हणायचं आणि ठेवून यायचं. तिने युकुलेले हातात घेतलं, एकदा छेडलं, आणि खुंटीकडे न बघता म्हणाली, "काका, ही दोरी कुणी लावली?"

"का? काय झालं?"

"वरची तार बारीकच असते युकुलेलेची. उंच सूर असतो तिचा. ही तर मासे पकडायची दोरी दिसते!" ती हसली. "सूर तोच लागलाय, पण एक सप्तक खाली. ॲपला काय, अक्षर जुळलं की दिवा हिरवा. यावर कागद बघून वाजवलं तर धून सारखी खड्ड्यात पडेल."

मिस्तरींच्या पायाखालची फरशी सरकली. "तशीच आली होती," ते पुटपुटले. मग पिशवीतून घडी पडलेला कागद काढून त्यांनी काचेवर ठेवला. "हे... हे येईल का मग?"

तिने बारीक तार बसवली. मिस्तरींनी स्वतःच वाद्य घेतलं, तिथेच स्टुलावर बसले आणि आकड्याप्रमाणे बोटं टाकली. तीन सूर आले. चौथा आला तो वरच्या वर, हलका. धून पुढे गेली. पार शेवटपर्यंत गेली. कान लोखंडाचा नव्हता. सहा महिने कान खरं तेच सांगत होता आणि मिस्तरी त्याला खोटं पाडत होते. दुकानातली तरुणी कौतुकाने म्हणाली, "छान हात बसलाय की, काका!" मिस्तरींना रडू येईल असं वाटलं म्हणून त्यांनी खाली वाकून चप्पल नीट केली. निघताना काढलेली जाड दोरी सवयीने खिशात टाकली.

घरी आले तेव्हा बायको उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. त्यांच्या हातात पिशवी बघून तिने साडीची घडी उलटली. मिस्तरी पलंगावर बसले आणि त्यांनी धून वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"जमलं की हो!" ती म्हणाली, आणि आनंद तिच्या तोंडावर सरळ दिसत होता. मिस्तरींना तोच आनंद नको होता. त्यांना तिचं तोंड जरासं पडलेलं हवं होतं.

"दोरी चुकीची होती," ते म्हणाले. "वरची."

"हो."

"हो म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"हातात घेतलं त्या दिवशीच कळलं. तिच्यावर गेलं की धून बिघडत होती. म्हणून मी तिच्या वाटेलाच गेले नाही." तिने इस्त्रीचं बटण 'चालू'वर केलं, म्हणजे इस्त्री बंद झाली.

"मग सांगायचं नाही का? इतके दिवस मी..."

"अहो, तुम्ही इतक्या हौसेने बसवली होती. सांगितलं असतं तर जेवला असता का त्या दिवशी?" ती साडी घेऊन कपाटाकडे गेली, दार जरा वर उचललं, आत ढकललं आणि साडी टांगली. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. "आणि मला वाटलं, तुम्हाला कळेल. मशिनीतलं एवढंसं तुम्हाला ऐकू येतं. नाही कळलं, मग म्हटलं, जाऊ दे, माझं काही चौथ्या तारेवाचून अडत नाही."

मिस्तरी कपाटाच्या दाराकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत ते दार त्यांनी स्वतः किती वेळा उघडलं असेल? त्यांचे कपडे तर तीच काढून देत होती.

"खुंटी ढिली नव्हती," ते खाली बघून म्हणाले.

"माहीत आहे मला. सव्वीस वर्षांत तुम्ही या घरातली कुठली वस्तू बाहेर दुरुस्तीला दिलीत?" आता तिचा आवाज जड झाला. "उद्या मी वाजवू नये असं वाटत होतं तुम्हाला. सरळ म्हणायचं तसं. दोन दिवस साडीचा रंग ठरवत होते मी वेड्यासारखी."

मिस्तरींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "हेवा वाटला मला. तुझा. तू सोपं म्हणालीस ना, तेव्हापासून."

ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. तिने युकुलेले ओढून घेतलं आणि वाजवायला लागली. मिस्तरी तिच्या हाताकडे बघत होते. वरची तार आता चांगली होती, सुरात होती, तरी तिची बोटं तिला टाळूनच जात होती. अंगठा तेवढा टेकायला जाऊन दोनदा घसरला. ती थांबली.

"ही बारीक रुतते अंगठ्याला," ती म्हणाली. "जुनी आहे का?"

"कशाला?"

"उद्या मीच वाजवणार आहे. तेवढं मी सोडायची नाही, तुम्ही कितीही फुगून बसा. आणि माझा हात त्या दोरीवर बसलाय. उद्यापुरती तीच लावून द्या. परवा बदला आणि वाजवा तुमचं, मी शिंपीणबाईंना ऐकायला बोलावते."

मिस्तरींनी खिशातून दोरी काढली. दुकानातली नवी तार उकलताना त्यांच्या जिवावर आलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा नीट लागलेली होती ती. त्यांनी ती गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि जाड दोरी पुन्हा बसवली, गाठ अशी मारली की मेळाव्यात कशीही वाजवली तरी सुटू नये. उद्या टाळ्या तिलाच मिळणार होत्या आणि आपण पहिल्या रांगेत बसून जळणार आहोत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मोबाईल काढून ॲप उघडलं, खुंटी हळूहळू पिळली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबले.

"घे," ते म्हणाले. "लागली."