रशियासाठी वेगळं मरण

आमच्या मूकपटांना तेव्हा दोन शेवट असायचे. नायक मेल्याशिवाय रशियातल्या प्रेक्षकांचं पोट भरत नसे, म्हणून त्यांच्यासाठी रडका शेवट आणि उरलेल्या जगासाठी गोड. कपडे मात्र दोन्हीकडे आमचे स्वतःचेच. कंपनी फक्त पिस्तुलं द्यायची.

नायक होता विगो, त्याचा प्रतिस्पर्धी एबे आणि दोघं जिच्यासाठी गोळ्या झाडणार ती मी, थीरा. खऱ्या आयुष्यातही दोघं माझ्या मागे होते. कोपनहेगनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला ते आवडतही होतं, खोटं कशाला बोलू? त्या शनिवारी एका बनात द्वंद्वाचं चित्रीकरण होतं आणि दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांकडे जेवायला दोघांपैकी एकालाच न्यायचं आणि त्याच्याशीच लग्न करायचं, एवढं मी ठरवलं होतं. बाबा शिंपी. ते आधी कोट बघत, मग माणूस. हे मी दोघांनाही सांगून ठेवलं होतं.

विगोकडे तीन कोट होते. एबेकडे एकच.

रात्री पाऊस झाल्यामुळे बनात चिखल होता. आधी गोड शेवट घेतला. गोळी लागताच एबे त्या एकुलत्या एका कोटासकट चिखलात धाडकन उताणा पडला. मी ठरल्याप्रमाणे त्याला ओलांडून विगोच्या मिठीत गेले. ते पाऊल मला जड गेलं.

मग रशियाचा शेवट. विगोने कोरडी जागा शोधली, तिथे रुमाल अंथरला आणि कोपरावर टेकत बेताने मेला. दिग्दर्शक क्राउसे तीनदा ओरडले. विगो शांतपणे म्हणाला, "साहेब, उद्या मला हा कोट घालून एका ठिकाणी जायचंय."

त्याच्या प्रेतावर पडून मला रडायचं होतं. डोळ्यांत टिपूस येईना. मान वर केली, तर कॅमेऱ्यामागे एबे वर्तमानपत्राच्या कागदाने पाठीवरचा चिखल पुसत होता. हात पोचत नव्हता, तरी पुसत होता. मला असं रडू फुटलं की क्राउसेंनी टाळ्या वाजवल्या. विगोला वाटलं, त्याच्यासाठीच.

रविवारी मी एबेला घेऊन गेले. बाबांनी नेहमीप्रमाणे पाहुण्याला खांदा धरून वळवलं. पाठीवर हा एवढा मोठा तपकिरी डाग.

"हे काय?" त्यांनी मला विचारलं.

"काल तो मेला यात," मी म्हटलं. "त्याला माहीत होतं, तुम्ही आज कोट बघणार म्हणून. तरी मेला."

रविवारी बाबांनी कधी कुणाच्या कापडाला कामासाठी हात लावला नव्हता. "काढ तो," ते एबेला म्हणाले, आणि कोट घेऊन आत ब्रश शोधायला गेले.