चार बोटांचं अंतर

इंदुरीच्या महिपतीचं काचेचं दुकान. आणि काच विकणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, की माप खोटं बोलत नाही, बोलतो तो माप घेणारा. एक गिऱ्हाईक सुतळीनं खिडकी मोजून काच घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी ‘तुमची काच रात्रीत आटली’ म्हणून भांडायला आलं, हा किस्सा तो येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून सांगायचा. पण गेल्या डिसेंबरात त्याच्याच मापात जे आटत गेलं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

त्याला आणि त्याची बायको शुभदा हिला उल्का बघायचा नाद. अडीच वर्षांपूर्वी एका शब्दावरून ती पश्चिमेला, लोहगडवाडीला बहिणीकडे निघून गेली, तरी नाद सुटला नाही. भांडण जमिनीवरचं होतं, आकाशात त्यांचं कधी वाकडं नव्हतं. फोन दोघांकडे होते, पण आधी कोणी करायचा, इथंच घोडं अडलेलं. मिथुन राशीतून उल्का पडायला लागल्या की तो इथं गच्चीवर आडवा व्हायचा, ती तिकडे अंगणात. ठळक उल्का दिसली की वेळ टिपायची आणि ताऱ्यांच्या नकाशावर तिची रेघ ओढायची. सकाळी दुधाचा टेम्पो घेऊन येणारा धोंडिबा तिचा पातळ कागद आणायचा आणि महिपती दोन्ही कागद एकावर एक धरून काचेला लावायचा. डोळ्यासमोर बोट धरून एकेक डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकतं, तशी दोन गावांतून बघितलेली एकच उल्का ताऱ्यांमधून सरकते. तिची रेघ नेहमी त्याच्या रेघेच्या पूर्वेला, चार बोटं. माणसं जितकी लांब, तितक्या रेघा लांब.

तेरा तारखेच्या सकाळी रेघांमध्ये दोनच बोटं उरली. वेळ जुळत होती, उल्काही तीच.

“शुभदा कुठं असते रे हल्ली?”

“आता! लोहगडवाडीतच की. माज्या हातात कागद दिला न्हवं,” धोंडिबा हसला. “निस्त्या रेघा काय जुळवताय भाऊ? गाडी काढा अन् वैनीला घिऊन या.”

महिपतीनं हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री त्यानं सतरंजी एकट्यापुरती न घालता दोघांपुरती घातली, आणि का घातली हे स्वतःलाही विचारलं नाही. पहाटेकडे, थंडी जोरात असताना, त्याचा डावा हात कोपरापासून खाली ऊबदार झाला. शेजारी कोणीतरी, आभाळ बघणारं माणूस घेतं तसा, सावकाश श्वास घेत होतं. मान वळवली की उल्का चुकते, असं त्यानं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे आधी तिनं बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. तो तसाच वर बघत राहिला.

सकाळी कागद काचेला लावले, तर दोन रेघांची एकच रेघ झाली होती.

दिवसभर त्यानं एकही काच नीट कापली नाही. रात्री गच्चीवर पाठ टेकताच, आभाळाकडे न बघता, तो रिकाम्या सतरंजीकडे वळून म्हणाला, “शुभदा, घरी चल.” मग जरा मोठ्यानं. मग खालची कुत्री भुंकेपर्यंत मोठ्यानं.

पंधरा तारखेच्या कागदावर तिची रेघ त्याच्या रेघेच्या पश्चिमेला होती, दोन बोटं. महिपतीनं कागद उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला. अशी रेघ येते ती त्याच्याही पूर्वेला उभं राहून बघणाऱ्याची.

“काही बोलली का ती?” त्यानं विचारलं.

धोंडिबा कॅन उतरवता उतरवता थांबला. “व्हय. म्हनल्या, काल भाऊंनी हाक मारली, पन लय मागनं. तवर त्या पुढं आल्या व्हत्या.” त्यानं डोकं खाजवलं. “पुढं म्हंजी कुटं, ते मला न्हाई उमगलं.”