रेघ सरळ होती

काल इथेही जमीन जराशी हादरली, तेव्हापासून भिंगरी घरात यायला तयार नव्हती. प्राध्यापकांची ही पहिलीतली नात एरवी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तर हे टोपणनाव पडलेलं. आता मात्र दाराबाहेरच्या पायरीला चिकटून बसली होती. बाप मिनतवाऱ्या करून थकला, शेजारीण चॉकलेट दाखवून थकली. पोरीचं एकच म्हणणं, आजोबांनी मशीन बघून सांगितलं तरच मी आत येणार.

तिची आई, म्हणजे प्राध्यापकांची लेक, भूकंपात गेली त्याला पंधरवडाही झाला नव्हता. राहतं घर जमीनदोस्त झालं, म्हणून जावई आणि नात इथे आले होते. प्राध्यापक मशीनच्या खोलीकडे तेव्हापासून फिरकलेसुद्धा नव्हते.

मशीन म्हणजे एक रेडिओच, पण गाणी न लावणारा. दूर समुद्रकाठचं एक केंद्र पाणबुड्यांसाठी अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी सोडायचं. त्या जमीन आणि आकाशातला वरचा थर यांच्यामधून धावत गच्चीवरच्या तारेपर्यंत यायच्या, आणि त्यांचा जोर पडद्यावर रेघ होऊन उमटायचा. भूकंपाआधी ही रेघ खचते, असं काही अभ्यासकांना वाटतं. बाकीचे नाकं मुरडतात, कारण रेघ सूर्यामुळेही खचते आणि विजांमुळेही. निवृत्तीनंतर प्राध्यापकांनी याचाच ध्यास घेतला होता. रेघ खचली म्हणजे भूकंप होईलच असं नाही, हे ते येईल त्याला बजावून सांगत, आणि तरी ती जरा वाकली की दूरच्या गावातल्या लेकीला फोन करत. दोनदा त्यांनी तिला घराबाहेर काढलं. दोन्ही वेळा काही झालं नाही, गल्लीत हसं तेवढं झालं. लेक म्हणायची, "बाबा, तुमचा रेडिओ गाणी तर लावत नाहीच, वर मलाच नाचवतो." पण बापाच्या जिवाला घोर नको म्हणून निमूट बाहेर यायची.

त्या दुपारी मात्र फोन तिनं केला. गावाला सकाळपासून बारीक धक्के बसत होते, सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. तिनं विचारलं, "बाबा, बघता का जरा? आत जाऊ का?"

प्राध्यापकांनी पाहिलं. रेघ सरळ होती. इतकी स्वच्छ रेघ कित्येक दिवसांत उमटली नव्हती, त्यांना तर आनंदच झाला. म्हणाले, "काही नाही गं. जा खुशाल."

एवढा शिकला-सवरलेला माणूस! रेघ खचली तरी भूकंप होईलच असं नाही, हे जगाला शिकवत फिरला. मग रेघ सरळ असली तरी भूकंप होऊ शकतो, हे पोटच्या पोरीला सांगताना कुठे गेलं होतं? ती दूध तापवायला आत गेली. भिंगरी रस्त्यावरच खेळत राहिली, म्हणून वाचली.

जावई तेव्हा कामावर होते, त्यांना या फोनचा पत्ताच नव्हता. प्राध्यापक रोज सांगायचं ठरवत, रोज तोंड उघडत आणि चहा घेणार का, एवढंच विचारत. हा माणूस नातीला घेऊन निघून गेला तर आपल्याला कुणीच उरणार नाही, या भीतीनं त्यांना पोखरलं होतं.

"बाबा, खोटं का होईना, एकदा सांगून टाका," जावई म्हणाले. "लहान आहे ती."

प्राध्यापक पायरीपाशी आले. आत ये, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते नुसत्या तिच्या चपला नीट लावत राहिले.

भिंगरीनं वर पाहिलं. "आईला फोनवर सांगितलंत ना, जा खुशाल म्हणून? मी तिथेच होते. मग मलाच का नाही सांगत?"

जावई सासऱ्यांकडे बघतच राहिले. "तिनं तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

जावई फाटकापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांना हाक मारायचा धीर प्राध्यापकांना झाला नाही. ते नातीपुढे वाकले.

"मला कळत नाही, बाळा. मशीनलाही कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं. मी उगाच जा म्हणालो."

भिंगरीनं सरकून पायरीवर त्यांच्यासाठी जागा केली.

"मग तुम्ही पण आत जाऊ नका," ती म्हणाली.