दार उघडण्याची धून

दारव्ह्याच्या मोबाइल दुकानात बसणाऱ्या नाहिदला जुन्या कम्प्युटरवरच्या साहसी गेमचं भलतंच वेड. त्यातलं किल्ल्याचं दार मुकाट उघडायचं, तेच तिला सोसेना. मग तिनं मोबाइलची बटणं दाबून दाबून त्या दारासाठी धून रचली. गिऱ्हाइकांना ती एवढी आवडली की गावोगावचे फोन त्याच धुनेवर वाजू लागले.

त्याच साली कापसाचा भाव पडला आणि फोनवर मयतीच्याच बातम्या येऊ लागल्या.

"काढून टाक वं पोरी हे," दुकानात आलेल्या मथुराबाईनं फोन पुढं केला. "हे वाजलं का कोनी ना कोनी गेलेलं असते."

नाहिदनं सगळ्यांच्या फोनांतून धून पुसली, फक्त स्वतःच्या फोनात ठेवली. एका दुपारी घरी गेममधलं दार उघडलं, तशी तिनं ती हौसेनं वाजवली.

तिची आई जोहराबी पिठाच्या हातांनी धावत आली. "अब कौन गया?"