सासूबाईंचं हँडल

सासूबाईंनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. येत्या रविवारी उशीवर एक जरी थेंब पडला, तर बोट विकायची. दर रविवारी हौसेने नवऱ्याबरोबर बोटीवर जायचं, दुपारी केबिनमध्ये जरा लवंडायचं आणि ओल्या केसांनी उठायचं, याला त्या विटल्या होत्या.

धसका घेऊन सासऱ्यांनी डेकभर गळती बुजवायचं सीलंट थापलं होतं. खिडक्यांच्या कडा, दोर बांधायचे खुंटे, काही म्हणून सोडलं नव्हतं. शनिवारी मदतीला आलेल्या सुनेने ते पाहून कपाळाला हात लावला. ती दातांची डॉक्टर. किडक्या दातावर असं वरवर लिंपणारा दुसरा कुणी असता, तर तिने त्याची खरडपट्टी काढली असती. पण इथे पडले सासरे!

"बाबा, पाणी शिरतं एकीकडे आणि आतल्या आत वाहत जाऊन पडतं दुसरीकडे. आधी मूळ शोधू."

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती डेक ठोकत निघाली. सगळीकडे टणक आवाज. बोटीवर चढताना सासूबाई जे हँडल धरत, त्याच्यापाशी मात्र भद्द.

"ते राहू दे," सासरे घाईने म्हणाले. "ते ठीक आहे."

सुनेने हँडल हलवलं. ते दुधाच्या दातासारखं डुललं. सासरे एकदम लांबवरचं पाणी न्याहाळायला लागले.

स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. खालचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. सुनेने घट्ट लाकूड लागेपर्यंत खरवडलं, खड्डा पुसला, त्यात दगडासारखं घट्ट होणारं इपॉक्सी भरलं आणि वर प्लास्टिक चिकटवलं.

"तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

"मीच बसवलं होतं, तिच्यासाठी. गडबडीत भोकांत सीलंट भरायचं राहिलं."

"मग काढलं का नाही?"

"आता हे पक्कं व्हायला आठवडा जाणार. मधे रविवार येतो. हँडल नसलं तर ती चढणार कशी?"

"म्हणजे एक रविवार बुडू नये म्हणून सगळेच घालवायला निघालात?"

सासरे ओशाळं हसले. सुनेला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती माया.

रविवारी सासूबाई उशी काखेत मारून धक्क्यावर हजर झाल्या. सवयीने हात पुढे केला, तर हँडलच्या जागी प्लास्टिक.

"हे काय?"

सासरे पुन्हा लांबवरचं पाणी न्याहाळायला लागले. शेवटी सुनेनेच सगळं सांगितलं, त्या बुडणाऱ्या रविवारासकट. सासूबाईंनी उशी दुसऱ्या काखेत घेतली.

"विकायचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आणि काय हो, हँडल नव्हतं तेव्हा मी काय धरून चढत होते?"

सासऱ्यांनी सीलंटचे डाग पडलेला हात घाईघाईने पँटला पुसला आणि पुढे केला.