साहेबांनी डब्यात काय टाकलं?

साहेब, तुम्ही त्या बाईला भर कारखान्यात टेबलाटेबलापुढे उभं करून तिच्या संसाराचा पंचनामा करायला लावलात. वर टाळ्याही घेतल्यात. मला तुमची किळस येते. पत्र्याला कसली आलीय किळस, असं वाटत असेल तर ऐका. आणि मित्रांनो, तुम्हीही ऐका.

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो तेव्हा पोटात बिस्किटं होती आणि अंगावर गुलाबाची फुलं. बिस्किटं संपली, फुलं खरचटली. मग बटणांच्या या कारखान्यात, फुटकी बटणं वेचून काढणाऱ्या बायकांच्या मुकादम थोरल्या बाई, त्यांनी छिन्नीने माझ्या झाकणाला चीर पाडली. दुखलं, पण त्या दिवसापासून मला काम मिळालं. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या घरची मयत. मी फिरायचो.

त्या फिरण्याला एक रीत होती. माझ्यावर फडकं टाकायचं. ज्याची गरज, त्याने मला हात लावायचा नाही. थोरल्या बाई एवढंच म्हणायच्या, "आपल्यातल्या एकाला लागतंय." कुणाला, कशाला, ते कुणी विचारायचं नाही. आणि ज्याचा खिसा रिकामा असेल, त्याने पायाखालचं एखादं पडीक बटण टाकायचं. आवाज झाला की झालं. देणाऱ्याची लाज राहायची, घेणाऱ्याचीही. केवढा मान होता मला तेव्हा!

निवडीच्या टेबलावर एक बाई बसते. डोळे घारे, म्हणून सगळे तिला घारीच म्हणतात. बटणावरची केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एकदा उपचार करून बघू, पण उशीर नको, वय कुणासाठी थांबत नाही. घरातलं सोनं पहिल्या खेपेलाच गेलं होतं. थोरल्या बाईंनी माझं फडकं झटकलं, तेवढ्यात साहेब आले. कुठून तरी त्यांना वास लागला होता.

"हे काय आजारपण आहे?" साहेब म्हणाले. "ही हौस झाली. हौसेला मागायचं तर शिस्तीत मागा. जिला हवंय तिने स्वतः डबा घेऊन फिरावं, कारण सांगावं. देणाऱ्याला कळायला नको?" मग त्यांनी मूठ माझ्या चिरेवर आणली. खण्ण! "बघा, सुरुवात माझ्यापासून."

टाळ्या झाल्या.

घारी मला घेऊन निघाली. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या पत्र्याला लागत होता.

"दोष कुणात आहे? तुझ्यात का त्याच्यात?" पॅकिंगवाल्याने विचारलं.

"दत्तक घे की गं एखादं," हिशेबवाल्या बाई म्हणाल्या. स्वतःची तीन पोरं त्यांनी टेबलावरच्या काचेखाली लावून ठेवली आहेत.

रंगखात्यातल्या विनोदवीराने तर कहर केला. "माझ्या पैशाने झालं तर नाव मीच ठेवणार हं!"

सगळे खो खो हसले. घारीही हसली. ते हसू आठवलं की अजून माझ्या अंगावरचा गंज शहारतो.

दुपारी झाकण उघडलं. नोटा थोड्या, बटणंच फार. रिकाम्या खिशांबद्दल माझी तक्रार नाही, ती रीतच आहे. पण त्यांत एक मोठं, नक्षीदार, शिंपल्याचं बटण होतं. असली बटणं फक्त साहेबांच्या खोलीतल्या नमुन्यांच्या कपाटात असतात आणि त्या कपाटाची किल्ली साहेबांच्या कमरेला असते. घारीने ते उजेडात धरलं. सवयीने कडेवरून नख फिरवलं.

"फुटकंय हो बाई," ती म्हणाली. "दिलं तेही टाकाऊ."

थोरल्या बाईंनी तिथल्या तिथे माझ्यावर फडकं टाकलं. "थांब, पुन्हा फिरवते. आपल्या रीतीनं. बघू कोण अडवतो!"

अर्धा कारखाना फिरलोही. या खेपेला नोटा मुकाट्याने पडत होत्या. विनोदवीराचीही पडली, आणि त्याने मान वर केली नाही. तेवढ्यात साहेबांनी मला नोटांसकट उचललं आणि 'बेशिस्त' म्हणून कोंडून टाकलं. कुठे? त्याच कपाटात.

माझ्या शेजारी मखमलीचा ट्रे आहे. खळग्याखळग्यात शिंपल्याची बटणं आहेत. एक खळगा रिकामा आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे असा डबा असेल तर त्याच्यापेक्षा त्याच्यावरचं फडकं जास्त जपा. मागणाऱ्याला सोलून मग दोन पैसे टाकणं, याला मदत म्हणत नाहीत.

आणि साहेब, डॉक्टरीणबाईंनी दिलेला दिवस तोंडावर आलाय. थोरल्या बाई रोज तुमच्या दाराशी येऊन डबा मागतात, तुम्ही रोज कागद चाळता. आता मी विचारतो. कपाट उघडता की नाही? आणि उघडाल तेव्हा त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांसमोर घारीला सांगा, या खळग्यातलं बटण कुठे गेलं?